तुम्ही विचारलंत म्हणून: विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातला एक पेपर बदलायला दोन वर्षं का लागतात?

हा प्रश्न दोन तोंडांनी येतो. नव्यानं रुजू झालेला सहायक प्राध्यापक विचारतो, "सर, या पेपरातलं निम्मं जुनं झालंय हे सगळ्यांना मान्य आहे, मग एका बैठकीत का बदलत नाही?" पालक किंवा विद्यार्थी विचारतात, "विद्यापीठात ठरवतं तरी कोण? कुलगुरू, सरकार, की तुम्ही प्राध्यापक मंडळी?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच वाटेनं जातं, आणि ती वाट महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठांपुरती सांगतो. गोवा विद्यापीठाचा कायदा वेगळा, तिथं व्यवस्थापन परिषदेच्या जागी कार्यकारी परिषद आहे. खाजगी विद्यापीठांचं तर जगच निराळं, तिथं निवडून आलेला प्राध्यापक सहसा शोधावा लागतो.

आपल्याकडे सगळं चालतं ते महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्यावर. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि १९९४ चा कायदा गेला. कायद्यानं विद्यापीठाची 'प्राधिकरणं' ठरवून दिली आहेत. त्यांत आपल्या कामाची चार: अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद आणि व्यवस्थापन परिषद. अधिसभा, म्हणजे सिनेट, पाचवी. वर्तमानपत्रात तिचंच नाव जास्त येतं, पण पेपरशी तिचा थेट संबंध सर्वांत कमी. अर्थसंकल्प मंजूर करणं, अभ्यासक्रमांबद्दल समाजाचं म्हणणं विद्यापीठापर्यंत पोचवणं, परिनियम, म्हणजे विद्यापीठाचे मूळ नियम, करणं ही तिची कामं. तुमच्या पाचव्या सत्रातल्या तिसऱ्या घटकात काय असावं हे अधिसभा ठरवत नाही.

ते ठरतं अभ्यास मंडळात. आता मंडळावर कोण असतं ते नीट पाहा, कारण पुढची अर्धी गोष्ट तिथंच आहे. त्या विषयाच्या विद्यापीठ विभागाचे प्रमुख पदसिद्ध असतात. सहा शिक्षक कुलगुरू अधिष्ठात्यांशी, म्हणजे विद्याशाखेच्या प्रमुखांशी (डीन), सल्लामसलत करून नेमतात. संलग्न महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांतून तीन जण निवडून येतात. मग हे सगळे मिळून बाहेरच्या विद्यापीठातला एक प्राध्यापक आणि उद्योग, संशोधन अशा क्षेत्रांतले काही तज्ज्ञ सहयोजित करतात, म्हणजे सदस्य म्हणून सोबत घेतात, आणि अध्यक्ष आपल्यातून निवडतात. म्हणजे निवडून आलेले तीन, नेमलेले सहा. १९९४ च्या कायद्यात निवडून येणाऱ्यांचं पारडं जड होतं. अधिष्ठात्यांचंही तसंच. पूर्वी विद्याशाखेचे सदस्य अधिष्ठाता आपल्यातून निवडत, आता ते पूर्णवेळ, पगारी, नेमणुकीचं पद आहे. नेमलेला माणूस वाईट आणि निवडलेला चांगला असं अजिबात नाही. मंडळाचं सगळ्यांत कसून काम करणारे अनेकदा नेमलेलेच असतात. फरक एवढाच की निवडून आलेल्याला पाच वर्षांनी पुन्हा त्याच विभागप्रमुखांच्या दारात जायचं असतं, म्हणून तो फोन उचलतो.

आता पेपर घेऊ. समजा चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) लेखी विषय आहे. एका श्रेयांकाला १५ तास, म्हणजे चारला ६० तास. मंडळं सहसा १५-१५ तासांचे चार घटक पाडतात. प्रात्यक्षिकाला एका श्रेयांकाचे ३० तास. हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो आणि तरी पहिली चूक इथंच होते. नवा मजकूर घालायचा उत्साह असतो, जुना काढायची हिंमत नसते. 'हेही राहू द्या, मूलभूत आहे' असं म्हणत म्हणत पाचवा घटक येतो, मग कुणीतरी आकडे पुसून प्रत्येक घटकाला १२ तास लिहितं. कागदावर ६० जुळतात, वर्गात जुळत नाहीत. शिवाय बऱ्याच महाविद्यालयांत तासिका ४८ मिनिटांची असते. घड्याळी ६० तास म्हणजे अशा ७५ तासिका. आठवड्याला चार तासिका धरल्या तर त्यांना एकोणीस आठवडे लागतील, आणि सत्रात शिकवायला मिळतात फार तर पंधरा. त्यातही पहिलं सत्र प्रवेशांच्या फेऱ्यांत उशिरा सुरू होतं आणि गणपती, नवरात्र, दिवाळी ओलांडून जातं. मंडळात हे बोलून दाखवणारा सदस्य आगाऊ वाटतो, पण तो हवाच.

यावर आणखी एक चौकट असते आणि ती मंडळाच्या हातात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्य शासनानं २०२३ मध्ये शासन निर्णय काढून पदवीचा सांगाडा ठरवून दिला: मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक, कौशल्याचे पेपर, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, कार्यानुभव वगैरे. सत्राला २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६. संलग्न महाविद्यालयांत हे २०२४-२५ पासून आलं. त्यामुळे 'हा पेपर चार श्रेयांकांचा का नाही, दोनच का?' हा प्रश्न मंडळाला विचारून उपयोग नाही. खोली किती मोठी ते शासनानं ठरवलंय, मंडळ फक्त फर्निचर लावतं. पण त्या फर्निचरवरसुद्धा भांडण होतं, आणि ते वरवर दिसतं त्या कारणासाठी नसतं.

भांडण असतं कार्यभाराचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवणं आहे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांना १४. चार श्रेयांकांचा एक लेखी पेपर म्हणजे आठवड्याला चार तास. सहायक प्राध्यापकाच्या हिशेबात हा पाव माणूस झाला. पेपर अनिवार्यवरून ऐच्छिक केला आणि छोट्या गावातल्या महाविद्यालयात तो कुणी घेतलाच नाही, तर विभागाचे चार तास गेले. असे चार पेपर गेले की एक पद 'अतिरिक्त' ठरायच्या वाटेला लागतं, किंवा रिकामं झालेलं पद पुन्हा भरायला परवानगी मिळत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं तर लगेच थांबतं. म्हणून मंडळात कुणी म्हणतं, "या पेपराशिवाय विषयाचा पाया कच्चा राहील," तेव्हा ते खोटं बोलत नसतात, पण पायाखाली चार तास पुरलेले असतात. हे उघड बोलायची पद्धत नाही. माझं मत विचाराल तर ती असावी. प्रस्तावासोबत 'कार्यभारावर होणारा परिणाम' असा एक रकाना जोडला, तर ज्या वादाला तीन बैठका लागतात तो एका बैठकीत मिटतो. कुठल्या महाविद्यालयाचे किती तास जातात, त्या तासांना दुसरा कुठला पेपर देता येईल, एवढं कागदावर आलं की पायाची भाषा आपोआप कमी होते.

दुसरी अडचण समकक्षतेची. जुना पेपर बंद केला तरी त्यात नापास झालेली मुलं राहतातच. त्यांना पुढच्या काही संधी जुन्या अभ्यासक्रमावर द्याव्या लागतात, नंतर जुन्या पेपरऐवजी नवा कोणता द्यायचा याचा तक्ता लागतो. हा तक्ता मंडळानं केला नाही तर परीक्षा विभाग आपल्या समजुतीनं करतो. मग दोन वर्षांनी एखाद्या मुलाची गुणपत्रिका अडकते आणि त्याचा अर्ज घेऊन कारकून पुन्हा मंडळाच्या अध्यक्षांकडे येतो. ते अध्यक्ष तोवर बदललेले असतात.

मंडळानं मान्य केलं की पेपर विद्याशाखेकडे जातो. कायद्यानं चारच विद्याशाखा ठेवल्या आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. रसायनशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र एकाच विद्याशाखेत. मराठी, मानसशास्त्र आणि कायदा दुसऱ्या एकीत. अशा बैठकीत एका विषयाचा तपशील दुसऱ्याला कळावा ही अपेक्षाच चूक आहे. विद्याशाखेत पेपर वाचला जात नाही, मोजला जातो: श्रेयांक जुळतात का, गुणांची विभागणी नियमात बसते का, ठरलेल्या नमुन्यात आहे का. हे काम अधिष्ठात्यांच्या कार्यालयातला एक जाणता सहायक दोन दिवसांत करू शकेल. दोन-दोन महिने त्याच्यासाठी बैठकीची वाट पाहायची गरज नाही. माझ्या मते साखळीतला सगळ्यांत निरुपयोगी दुवा हाच.

विद्या परिषद वेगळी. तिचे अध्यक्ष कुलगुरू. शिक्षण, संशोधन, परीक्षा यांच्या दर्जाची अंतिम जबाबदारी तिची, विनियम तीच करते. तिथं एका बैठकीत अनेक विषयांचे गठ्ठे येतात. तुमचा पेपर 'बाब क्रमांक अमुक, परिशिष्ट तमुक' एवढ्यावर आलेला असतो आणि अर्ध्या मिनिटात मान्य होतो. नव्या माणसाला हे पाहून धक्का बसतो. पण परिषदेचं खरं काम त्या अर्ध्या मिनिटात नसतंच. उत्तीर्णतेचे निकष, अंतर्गत आणि बाह्य मूल्यमापनाचं प्रमाण, नवीन अभ्यासक्रमांना मान्यता, प्रवेशाची पात्रता अशा सगळ्या विषयांना लागू होणाऱ्या गोष्टींवर तिथं बोलणं होतं, आणि तिथं बोललेलं शेकडो महाविद्यालयांना बांधतं.

आणि आता सामायिक निर्णयाचा कायद्यातला सगळ्यांत महत्त्वाचा धागा, जो बहुतेक प्राध्यापकांना ठाऊकच नसतो. विद्यापीठाचे नियम तीन प्रकारचे: परिनियम अधिसभा करते, अध्यादेश व्यवस्थापन परिषद करते, विनियम विद्या परिषद. पण प्रवेश, अभ्यासक्रम, परीक्षा यांविषयीचा अध्यादेश व्यवस्थापन परिषदेला स्वतःहून करता येत नाही. त्याचा मसुदा विद्या परिषदेकडून यावा लागतो. आलेल्या मसुद्यात व्यवस्थापन परिषदेला काना-मात्राही बदलता येत नाही. तो नाकारता येतो, किंवा सूचना जोडून परत पाठवता येतो. म्हणजे पैशाची किल्ली एकाकडे आणि शिक्षणाची दुसऱ्याकडे, असं कायदाच म्हणतो. व्यवस्थापन परिषदेत शैक्षणिक मसुद्यावर वाक्यावाक्यांची दुरुस्ती सुरू झाली, तर एखाद्या सदस्यानं नम्रपणे कलमाकडे बोट दाखवावं. वाद वाढत नाही. उलट सगळे जरा सैल होऊन चहा मागवतात.

मग एवढी सुरेख रचना असताना 'वरूनच ठरतं' असं का वाटतं? उत्तर आहे 'बारा-सात'. विद्यापीठाच्या आवारात हे दोन शब्द सगळ्यांना कळतात. कलम १२ चं पोटकलम (७): तातडीची परिस्थिती आहे किंवा विद्यापीठाच्या हितासाठी ताबडतोब कृती हवी असं कुलगुरूंना सकारण वाटलं, तर एरवी ज्या प्राधिकरणानं निर्णय घ्यायचा त्याच्या वतीनं ते निर्णय घेऊ शकतात. १९९४ च्या कायद्यात हेच 'चौदा-सात' होतं. तरतूद गरजेची आहे. पुरात परीक्षा पुढे ढकलायला विद्या परिषदेची बैठक बोलवत बसता येणार नाही. पण तिला दोन अटी आहेत. लवकरात लवकर त्या प्राधिकरणापुढे लेखी कारणं ठेवावी लागतात, आणि प्राधिकरणाचं मत वेगळं पडलं तर प्रकरण कुलपतींकडे, म्हणजे राज्यपालांकडे, जातं. प्रत्यक्षात होतं असं की जूनमध्ये अभ्यासक्रम सुरू करायचा, विद्या परिषदेची बैठक ठरलेली नाही, म्हणून बारा-सात. पुढच्या बैठकीत एकच बाब येते: 'मा. कुलगुरूंनी कलम १२(७) अन्वये घेतलेल्या निर्णयांना कार्योत्तर मान्यता देणे.' खाली वीस-पंचवीस निर्णयांची यादी. मुलं तोवर अर्धं सत्र शिकलेली, आता कोण नाही म्हणणार? उशीर हाच तातडीचा बाप असतो, आणि बऱ्याचदा तो उशीर आपणच केलेला असतो. मंडळानं मसुदा फेब्रुवारीऐवजी मे महिन्यात दिला की बारा-सात ओढवून घेतलाच म्हणायचा. बैठकीत अशी यादी आली तर सरसकट विरोध करून काही हाती लागत नाही. दोनच गोष्टी मागा: प्रत्येक निर्णयापुढे तातडीचं कारण आणि तारीख असा रकाना, आणि अभ्यासक्रमाच्या बाबी वेगळ्या काढून मतासाठी ठेवणं.

प्राधिकरणंच अस्तित्वात नसतात तेव्हा तर दुसरा मार्गच उरत नाही. कायद्याप्रमाणे त्यांची मुदत १ सप्टेंबरपासून पाच वर्षं. २०१७ ची फळी २०२२ च्या ऑगस्टअखेर संपली आणि पुढच्या निवडणुका लगेच झाल्या नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतली नोंदणीकृत पदवीधरांची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये स्थगित झाली आणि उच्च न्यायालयात जाऊन अखेर २४ सप्टेंबर २०२४ ला मतदान झालं. दहा जागा, दोन वर्षं रिकाम्या. विद्यार्थ्यांचं आणखी वाईट. २०१६ च्या कायद्यानं विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका परत आणल्या, पण कागदावरच. वर्षामागून वर्षं गेली, निवडणुका झाल्या नाहीत.

निवडणुकीचा विषय निघालाच आहे तर मतदानाबद्दलही सांगतो, कारण दर वेळी मतं वाया जातात. अधिसभेत प्राचार्य दहा, शिक्षक दहा, विद्यापीठ विभागांतले शिक्षक तीन, संस्थाचालक सहा आणि पदवीधर दहा निवडून येतात. शिक्षकांच्या जागांसाठी बुक्टू, नुटा अशा प्राध्यापकांच्या संघटना आपापल्या भागात उमेदवार देतात. मतदान पसंतीक्रमाचं असतं. नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे, फुली किंवा बरोबरची खूण केली की मत बाद. पदवीधर गटात दहापैकी पाच जागा खुल्या. समजा त्या गटात ६००० वैध मतं पडली, तर जागांपेक्षा एकानं जास्त, म्हणजे ६ नं, ६००० ला भागायचं आणि त्यात १ मिळवायचा: १००१ हा निवडून यायचा कोटा. तो ओलांडणाऱ्याची जादा मतं पुढच्या पसंतीकडे वळतात, मागे पडलेले उमेदवार बाद होत जातात आणि त्यांची मतंही पुढच्या पसंतीकडे सरकतात, म्हणून मोजणी रात्रभर चालते. दुसरी-तिसरी पसंती लिहिली तर पहिल्या उमेदवाराचं नुकसान होतं हा समज चुकीचा आहे. पहिला निवडून आल्यावर किंवा बाद झाल्यावरच पुढची पसंती जागी होते.

निवडून आलेली माणसं तरी काय करतात? भाषणं. क्षमा करा, पण हे खरं आहे. बैठकीतलं भाषण इतिवृत्तात 'चर्चा झाली' या दोन शब्दांत मावतं. टिकतो तो ठराव. आणि ठराव टिकतो तो विषयपत्रिकेत आधी आला तरच. 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या शेवटच्या बाबीत मोठ्या गोष्टी आणणं म्हणजे दुपारी साडेचारला, लोक बॅगा आवरत असताना, पाया खणायला घेणं. तिथं मान्य झालेली गोष्ट उद्या कुणी आव्हान दिलं तर पहिल्यांदा पडते. प्रशासनानं ऐनवेळी आणलेल्या विषयालाही हाच नियम लावा: कागद आधी मिळाला नसेल तर 'पुढील बैठकीत ठेवावा' एवढंच म्हणा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या.

इतिवृत्तात एका वाक्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहा: 'चर्चेअंती याबाबत पुढील निर्णय घेण्याचे अधिकार मा. कुलगुरूंना देण्यात आले.' सगळे दमलेले असतात, मतभेद मिटत नाहीत, कुणीतरी हे वाक्य सुचवतं आणि सगळे हसून मान डोलावतात. यात कुलगुरूंनी काहीही हिसकावून घेतलेलं नसतं. प्राधिकरणानं आपला अधिकार आपल्या हातानं देऊन टाकलेला असतो. अधिकार द्यायचाच असेल तर मर्यादा घाला: कशापुरता, कोणत्या तारखेपर्यंत, आणि परत कधी कळवायचं. दुसरं वाक्य 'सर्वानुमते मान्य'. तुमचा विरोध होता तर तो त्याच बैठकीत, नावासह, एका वाक्यात नोंदवायला सांगा आणि बैठक संपल्यावर लेखीही द्या. पुढच्या बैठकीत पहिली बाब असते 'मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे'. तेव्हा गप्प बसलात तर नंतरचं बोलणं व्यर्थ. बाहेरच्या माणसाला इतिवृत्त पाहायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये आणि तीस दिवस.

महाविद्यालयाच्या पातळीवरही अशीच एक खिडकी आहे आणि ती सगळ्यांत जवळची असून सगळ्यांत दुर्लक्षित. कलम ९७ ची महाविद्यालय विकास समिती, म्हणजे सीडीसी. पूर्वीच्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी ती आली. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी तिचे अध्यक्ष, प्राचार्य सदस्य-सचिव, पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन जण आणि त्यांत किमान एक स्त्री, प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख, एक निवडलेला शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरचे चार, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक आणि विद्यार्थी प्रतिनिधी. वर्षाला किमान चार बैठका. अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, शैक्षणिक दिनदर्शिका, प्रयोगशाळा, ग्रंथालय हे सगळं तिच्यापुढे यायला हवं. कित्येक ठिकाणी ही समिती नॅकचे, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचे, लोक यायच्या आधी आठवडाभर जिवंत होते आणि चारही बैठकांची इतिवृत्तं एकाच शाईत लिहिलेली सापडतात. निवडलेल्या तीन शिक्षकांना एक काम सहज करता येतं: जूनमध्येच चारही बैठकांच्या तारखा ठरवून दिनदर्शिकेत छापून घेणं. तारीख छापली की बैठक टाळायला कारण द्यावं लागतं.

महाविद्यालय स्वायत्त असेल तर अभ्यास मंडळ तिथंच असतं. विभागप्रमुख अध्यक्ष, बाहेरच्या विद्यापीठांतले दोन तज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक, उद्योगक्षेत्रातला एक, एक माजी विद्यार्थी. वेग वाढतो हे खरं. पण अध्यक्ष तुमचेच प्रमुख आणि बाकी सदस्य त्यांचे कनिष्ठ सहकारी, तेव्हा वाद घालायची ताकद बाहेरच्या दोघांतच उरते. ते दोघं स्नेहसंबंधातले असले की मंडळ म्हणजे घरगुती सत्यनारायण, प्रसाद घ्यायचा आणि निघायचं.

आता तुमची दोन वर्षं. नवा अभ्यासक्रम जूनमध्येच सुरू होतो, आणि तोही टप्प्याटप्प्यानं: या वर्षी प्रथम वर्ष, पुढच्या वर्षी द्वितीय, मग तृतीय. तुमचा पेपर तृतीय वर्षाचा असेल तर त्याची पाळी येईपर्यंत थांबणं आलंच. पाळी आल्यावरही सगळं वेळेत झालं तर साधारण अकरा महिने लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये शिकवणाऱ्या शिक्षकांची कार्यशाळा आणि कच्चा मसुदा. ऑक्टोबरपर्यंत अभ्यास मंडळ. डिसेंबरच्या आत विद्याशाखा. जानेवारी-फेब्रुवारीत विद्या परिषद. मार्चमध्ये परिपत्रक. एप्रिल-मे प्रश्नपत्रिकेचा नमुना, समकक्षतेचा तक्ता, पुस्तकं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण. यातली एक बैठक हुकली की जून हुकतो, आणि जून हुकला की वर्ष.

म्हणून पेपर बदलावा असं वाटत असेल तर जुलैत मंडळाच्या अध्यक्षांना आणि प्रत कुलसचिवांच्या शैक्षणिक विभागाला एक पान द्या. दोन्ही बाजूंचं नको, एकच पान. काय काढायचं आणि किती तासांचं, काय घालायचं आणि किती तासांचं, बेरीज ६०. कोणती दोन-तीन पुस्तकं, त्यांतलं एक तरी मराठीत मिळतं का. कार्यभारावर परिणाम. जुन्या मुलांसाठी समकक्ष पेपर. आणि तळाशी ठरावाचा तयार मसुदा, सूचक-अनुमोदकाच्या जागा मोकळ्या ठेवून. टपालात टाकू नका, स्वतः घेऊन जा, आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.